वेंगुर्ला रॉक्स : उघड्या खडकावर कोण राहते आणि तेथे का उतरू नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपण कुटुंबासह सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ल्याला येत आहात. जवळच्या निवती गावाहून होडी ठरवून समुद्रातील वेंगुर्ला रॉक्स या खडकांवर उतरावे, पाकोळ्या (स्विफ्टलेट) नावाच्या लहान पक्ष्यांची गुहा आतून पाहावी आणि सुरय (टर्न) या समुद्रपक्ष्यांची जवळून छायाचित्रे घ्यावीत, हे योग्य होईल का. शिवाय आपण असेही विचारले आहे की, जेथे झाड नाही आणि गोडे पाणी नाही, अशा खडकावर पाहण्यासारखे असते तरी काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : उतरू नये. त्याचे कारण मात्र दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात दडलेले आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो. गेली तीस-एक वर्षे मी या किनाऱ्यावर समुद्रपक्ष्यांच्या गणनेचे काम करीत आलो आहे आणि उतरू नये हे मला पुस्तकातून कळलेले नाही, तेथे उतरूनच कळले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. निवतीच्या किनाऱ्याला लागून जे पिवळसर कडे आहेत आणि ज्यांना पर्यटक ‘गोल्डन रॉक’ म्हणतात, ते वेगळे. वेंगुर्ला रॉक्स खुल्या समुद्रात आहेत. वेंगुर्ला बंदरापासून पश्चिम-वायव्येस सुमारे १५ किलोमीटरवर, निवतीपासून त्याहून बरेच जवळ, वीसएक लहानमोठ्या खडकांची एक विस्कळीत ओळ उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. जुन्या इंग्रजी सागरी नकाशांत त्यांना ‘बर्न्ट आयलंड्स’, म्हणजे जळकी बेटे, म्हटले आहे आणि दुरून पाहणाऱ्याला हे नाव पटते. त्यांतील एका उंच खडकावर दीपगृह आहे. बाकीच्यांपैकी काही खडक इतके सखल आहेत की उधाणाच्या लाटा त्यांच्यावरून जातात. धक्का कोठेही नाही. होडी खडकाजवळ न्यायची, लाट वर उचलेल त्या क्षणाची वाट पाहायची आणि कालवांच्या धारदार शिंपल्यांवर उडी टाकायची, हाच उतरण्याचा मार्ग आहे. मुलाबाळांना घेऊन हा प्रकार करू नये, हे पक्ष्यांचा विचार बाजूला ठेवला तरी सांगितले पाहिजे.

झाड का नाही, याचे उत्तर सोपे आहे. पावसाळ्यातील नैऋत्येचा वारा खारे तुषार थेट माथ्यापर्यंत फेकतो, आणि खडकाच्या खाचांत जी थोडी माती साठते तिच्यात पक्ष्यांच्या विष्ठेचे प्रमाण इतके असते की बहुतेक रोपे करपून जातात. पावसाळ्यात उतारांवर गवत आणि क्षार सोसणाऱ्या काही ठेंगण्या वनस्पती तग धरतात व पुढे वाळून जातात. एवढ्यावरून बेट नापीक आहे असे मानले तर चूक होईल. येथील जीवसृष्टीचे अन्न या जमिनीत उगवतच नाही, ते समुद्रातून आणि हवेतून येते. पक्षी आसपासच्या पाण्यातून मासळी आणतात, विष्ठेच्या रूपाने नत्र व स्फुरद खडकावर टाकतात, पावसाच्या सरी ते धुऊन खाली नेतात आणि पायथ्याच्या पाण्यात शेवाळ माजते. त्या शेवाळावर शंख-गोगलगायी चरतात, त्यांच्यामागून खेकडे आणि मासे येतात. निवतीचे जुने मच्छीमार खडपांभोवती मासळी हमखास लागते म्हणतात. पाण्याखालच्या कपारींचा आसरा हे त्याचे मोठे कारण आहे, आणि या खताचाही त्यात थोडा वाटा असावा, असे मला वाटते.

ओहोटीला होडी खडकाच्या कडेने सावकाश नेली, तर हे सारे थरांनी मांडलेले दिसते. भरती-ओहोटीतील फरक उधाणाच्या दिवसांतही येथे दोन मीटरच्या आसपासच असतो, पण तेवढ्यात तीन-चार वेगळ्या वस्त्या बसलेल्या असतात. सर्वांत वर, जेथे केवळ तुषार पोहोचतात, तेथे मोहरीएवढे शंख भेगांत दाटीने बसलेले असतात. त्याखाली पांढुरक्या, खरखरीत बार्नेकलचा, म्हणजे दगडाला कायमच्या चिकटलेल्या कवचधारी प्राण्यांचा, पट्टा, त्याखाली कालवे, आणि अगदी तळाशी, केवळ उधाणाच्या मोठ्या ओहोटीतच उघडणाऱ्या भागात, शेवाळ, स्पंज आणि समुद्रफुले. यांतील वरचा पट्टा माझ्या विशेष आवडीचा आहे, कारण तेथील प्राणी समुद्राचे असूनही दिवसाचा मोठा भाग उन्हात कोरडे बसून काढतात. मे महिन्यातल्या दुपारी त्या दगडावर आपला तळहात क्षणभरही टिकत नाही. हे लक्षात ठेवावे, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता पाकोळ्यांकडे वळतो. ही भारतीय पाकोळी, म्हणजे जिचे घरटे खाण्यासाठी विकले जाते ती. सह्याद्री, त्यालगतचा पश्चिम किनारा आणि श्रीलंका एवढाच तिचा मुलूख आहे. वेंगुर्ल्याचे हे खडक आणि कर्नाटकातील नेत्राणी बेट ही तिची फार पूर्वीपासून नोंदलेली विणीची ठिकाणे आहेत. पक्षी जेमतेम १२ सेंटिमीटरचा, भुरकट, ओळखीसाठी कोणतीही ठळक खूण नसलेला. पाय इतके दुबळे की तो फांदीवर किंवा तारेवर बसू शकत नाही, केवळ उभ्या भिंतीला नख्यांनी लटकू शकतो. त्यामुळे दिवसभर हवेत उडत कीटक पकडायचे आणि रात्र गुहेच्या भिंतीला चिकटून काढायची, एवढेच त्याचे आयुष्य. कीटक बेटावर पुरेसे नसतात, म्हणून हे पक्षी सकाळी किनाऱ्याकडे जातात आणि सायंकाळी परततात.

गुहेत शिरल्यावर प्रथम जाणवतो तो आवाज. अंधार जसा गडद होतो तसा चहूबाजूंनी कोरडा टक-टक असा ध्वनी सुरू होतो, कंगव्याच्या दातांवरून नख ओढावे तसा. हा पक्षी अंधारात आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भिंत कोठे आहे ते ओळखतो आणि भिंत जवळ येईल तशी टकटक जलद होत जाते. वटवाघळाचीही रीत हीच, पण वटवाघळांचे बहुतेक आवाज आपल्या कानांच्या मर्यादेपलीकडचे असतात आणि पाकोळीचे आपल्याला स्पष्ट ऐकू येतात. या जाड आवाजाने बारीक कीटक टिपता येत नाही. म्हणून ती शिकार उजेडात डोळ्यांनी करते आणि प्रतिध्वनीचा उपयोग केवळ घरी पोहोचण्यासाठी ठेवते. या एका सोयीमुळे तिला अशी जागा मिळाली आहे जेथे ससाणा आत येऊ शकत नाही.

विणीच्या दिवसांत पाकोळीच्या जिभेखालील लाळग्रंथी फुगतात. पक्षी भिंतीला लटकून डोके इकडून तिकडे हलवीत लाळेचा धागा दगडावर ओढतो, तो सुकतो, त्यावर दुसरा ओढतो. कित्येक दिवस हे चालल्यावर अर्ध्या वाटीएवढे, हाताच्या ओंजळीचे एक टोक कापून भिंतीला चिकटवावे तसे घरटे तयार होते. साधारणपणे त्यात दोन पांढरी अंडी असतात. अंदमानातील जातीचे घरटे जवळजवळ शुद्ध लाळेचे व पांढरे असते. आपल्याकडील जातीच्या घरट्यात लाळेबरोबर पिसे, गवत व शेवाळाचे तंतू मिसळलेले असतात, त्यामुळे बाजारात ते हलक्या प्रतीचे ठरते. ‘हलक्या प्रतीचे’ म्हणजे नको असलेले, असा मात्र अर्थ नाही. पूर्व आशियात या घरट्यांच्या सूपाला जो भाव आहे, त्यापुढे हलकी प्रतही चोराला पुरेशी असते.

२००० च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेंगुर्ल्याच्या खडकांवरील घरट्यांची चोरी उजेडात आणली आणि वन विभागाच्या साहाय्याने संरक्षणाचे काम हाती घेतले. हीच संस्था पुढे वेळासच्या किनाऱ्यावरील कासवांच्या संरक्षणामुळे सर्वांना परिचित झाली, पण पाकोळ्यांचे काम माझ्या मते अधिक अवघड होते. कासव किनाऱ्यावर येते आणि गाव ते पाहू शकते. गुहेतील घरटे गावातील बहुतेकांनी जन्मात पाहिलेले नसते, त्यामुळे ते गेल्याचे दुःखही कोणाला होत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि घरट्यांना उपद्रव देणे हेही येते, ही गोष्ट अनेक होडीवाल्यांना ठाऊक नसते. त्यांना ती शांतपणे सांगितली तर बहुतेक जण ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

घरटे काढून नेले की पक्षी दुसरे बांधतो, म्हणून नुकसान होत नाही, असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. पक्षी दुसरे बांधतो, हे खरे. पण ती लाळ त्याच्या शरीरातून येते. दुसऱ्या खेपेला घरटे पातळ होते, त्यात पिसे-गवताची भर वाढते, आणि हंगामाचे जे दिवस पिलांसाठी होते ते बांधकामात जातात. पावसाची झड सुरू झाल्यावर हवेत कीटक कमी, आणि गुहेच्या तोंडाशी लाटा. उशिरा निघालेल्या पिलाला त्या दिवसांत वाढवणे सोपे नसते.

सुरयांची गोष्ट निराळी आहे. ती उघड्यावर घडते, आणि आपल्या बेताचा थेट संबंध तिच्याशी आहे. येथे विणीला येणाऱ्या सुरयांत दोन जाती प्रमुख आहेत, आणि गुलाबी सुरयाच्या विणीची नोंदही येथून झालेली आहे. पहिला लगामी सुरय : पाठ गडद करडी-तपकिरी, पोट पांढरे, डोळ्यातून जाणारी काळी रेघ घोड्याच्या लगामासारखी. हा एरवी खुल्या समुद्रात राहतो. त्याच्या पिसांना पाण्यात बसणे मानवत नाही, म्हणून तरंगणारे लाकूड किंवा एखाद्या कासवाची पाठ मिळाली तर तो तिच्यावर विसावतो. तो सूर न मारता पृष्ठभागावरून चोचीने मासोळी अलगद उचलतो. दुसरा मोठा तुरेवाला सुरय : पिवळी चोच, काळा विस्कटलेला तुरा, आणि उंचावरून थेट पाण्यात सूर. कुप्याच्या (ट्यूना माशाच्या) झुंडी खालून लहान मासळी वर दामटतात तेव्हा हे पक्षी त्या ठिकाणी गोळा होतात, आणि मच्छीमार पक्ष्यांवरून कुपा हेरतात.

दोघांची घरे बांधण्याची तऱ्हा, किंबहुना न बांधण्याची तऱ्हा, वेगवेगळी आहे. लगामी सुरय एखाद्या दगडाच्या आडोशाला, कपारीत, काहीही न अंथरता एकच अंडे घालतो. ते मळकट पांढरे आणि तपकिरी ठिपक्यांचे असते, आणि हातभर अंतरावरूनही ते गारगोटीच वाटते. तुरेवाला सुरय सपाट उघड्या जागेवर, शेजाऱ्यापासून चोचीच्या अंतरावर, दाटीवाटीने बसतो आणि त्याचेही अंडे एकच. किनाऱ्यावर असे अंडे एक रात्र टिकणार नाही. तेथे कोल्हा, मुंगूस, मांजर, कुत्रा, उंदीर, साप सर्व आहेत. खडकावर यांपैकी कोणी नाही, एवढ्या एका कारणाने हे पक्षी तेथे येतात. माशांची विपुलता हे कारण दुसऱ्या क्रमांकाचे आहे, कारण मासे दूरवरूनही आणता येतात.

एप्रिलपासून पक्षी जमू लागतात आणि मे-जूनमध्ये अंडी-पिलांचा भर असतो. या ऋतुचक्राचा परिणाम अभ्यासावरही झाला. ब्रिटिश पक्षितज्ज्ञ ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम लक्षद्वीपच्या सफरीत १८७५ च्या सुरुवातीस या खडकांवर येऊन गेला, म्हणजे सुरयांच्या हंगामाच्या बराच आधी. पुढे १९४० च्या सुमारास पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी येथील पाकोळ्या व सुरय यांवर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. मधल्या काळात आणि नंतरही नोंदी थोड्याच आहेत, आणि त्याचे साधे कारण हे की पक्षी असतात तेव्हा समुद्र होडीला परवानगी देत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर झापांखाली, आणि तिकडे खडकावर पिले वाढत असतात. मे महिन्याचे शेवटचे दोन आठवडे तेवढे असे असतात की पक्षीही असतात आणि होडीही जाऊ शकते. आपण नेमके तेच दिवस निवडले आहेत.

आता माझी चूक सांगतो. पूर्वी एकदा, मे संपत आला असताना, आम्ही चौघे मोजणीसाठी तुरेवाल्या सुरयांच्या वसाहतीजवळ उतरलो. सकाळी आठला जायचे ठरले होते, होडीचे यंत्र बिघडल्याने अकरा वाजले. आम्ही दिसताच सगळी वसाहत एकाच वेळी उठली. आमचा हिशेब असा की वीस मिनिटांत काम आटोपेल. पहिल्या पाच मिनिटांतच मला समोरचे एक पिलू दिसले, एक-दोन दिवसांचे, राखाडी कापसाच्या बोंडासारखे. ते उघड्या दगडावर चोच वासून धापा टाकत होते. विणीच्या काळात आई-बाप अंड्यावर बसतात ते अनेकदा ऊब देण्यासाठी नव्हे, सावली धरण्यासाठी. पोटाची पिसे समुद्रात भिजवून आणून ते अंड्या-पिलांना गारवाही देतात. तो दगड किती तापतो हे मी वर सांगितलेच आहे. आम्ही मोजणी अर्धवट टाकून निघालो, पण होडी लाटेमुळे लगेच लागेना आणि आणखी पाव तास गेला. जी थोडी मोठी पिले होती ती घाबरून पळाली आणि परक्या जागेत शिरली, तेथे परतलेल्या मोठ्या पक्ष्यांनी त्यांना टोचले. वर एक समुद्री गरुड घिरट्या घालू लागला होता. त्या दिवशी किती पिले मेली हे मी सांगू शकत नाही, कारण मोजण्यासाठी थांबणे म्हणजे आणखी मारणे झाले असते.

येथे एक गोष्ट अशी आहे जी प्रवाशांनाच काय, अनेक पक्षिनिरीक्षकांनाही पटत नाही. सुरय दीर्घायुषी असतात आणि वीस वर्षांहून अधिक जगू शकतात. त्यामुळे एखाद्या वसाहतीत लागोपाठ पाच-सात वर्षे एकही पिलू वाढले नाही, तरी खडक पक्ष्यांनी भरलेलाच दिसतो. तेच म्हातारे पक्षी पुन्हा पुन्हा येत असतात. ‘आम्ही दर वर्षी जातो, पक्षी काही कमी झालेले नाहीत’ असे होडीवाला सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. मोठ्या पक्ष्यांची संख्या हा या वसाहतीच्या प्रकृतीचा उशिरा कळणारा पुरावा आहे. पाहायचे असते ते हंगामाअखेर उडणाऱ्या पिलांचे प्रमाण, आणि ते पाहण्याच्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो. म्हणून माझ्यासारखा माणूस सावधगिरीच्या बाजूने जरा अधिकच बोलतो, हे मी मान्य करतो.

उतरण्यातील दुसरा धोका आपल्या सामानात असतो. एखादी गाभण उंदरीण खाण्याच्या पिशवीतून किंवा जाळ्याच्या ढिगातून खडकावर पोहोचली, तर तेथे तिला अडवणारे कोणी नाही. जगातील अनेक बेटांवरील समुद्रपक्ष्यांच्या वसाहती याच मार्गाने उजाड झाल्या आहेत.

खडकाच्या बाकीच्या रहिवाशांबद्दल थोडक्यात लिहितो. वर उल्लेख आलेला पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड या किनाऱ्याचा कायमचा रहिवासी आहे. त्याची प्रचंड घरटी वर्षानुवर्षे वापरात राहतात, आणि त्यांच्या खाली मासळीच्या काट्यांबरोबर समुद्री सापांचे सांगाडेही सापडतात. हे साप सिंधुदुर्गच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत नेहमी येतात, ते अतिशय विषारी असतात आणि जाळे सोडवताना काळजी घ्यावी लागते. काळसर समुद्री बगळा लाटेच्या रेषेवर उभा असतो. हिवाळ्यात कुरव, मीनघार आणि क्वचित बहिरी ससाणा दिसतो. निवतीकडून येताना डॉल्फिन, आपल्याकडचे गादे, दिसण्याचा संभव पुष्कळ असतो, आणि त्यासाठी होडीने त्यांचा पाठलाग करण्याची काहीच आवश्यकता नसते. यंत्र मंद केले की ते स्वतःच जवळून जातात.

आपल्या मनात असेल की हा भाग अभयारण्यात असेलच. तो नाही. १९८७ मध्ये घोषित झालेले मालवणचे सागरी अभयारण्य सुमारे २९ चौरस किलोमीटरचे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील आहे. वेंगुर्ल्याचे खडक त्याच्या बरेच दक्षिणेस आहेत. पक्ष्यांना कायद्याचे संरक्षण आहे, पण खडकावर रखवालदार नाही. व्यवहारात खडकाचे रक्षण अंतर, लाट आणि होडीवाल्याची सद्बुद्धी या तिघांवर सोपवलेले आहे. यांत्रिक होड्या वाढल्यापासून अंतर उरलेले नाही. शिवाय २०१७ पासून बंदी असलेली प्रखर दिव्यांची मासेमारी जेथे चालते, तेथे पक्ष्यांच्या वाट्याची लहान मासळीही जाते, अशी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार आहे आणि मला ती रास्त वाटते.

तेव्हा आपल्या बेताविषयी माझी सूचना अशी. होडी जरूर ठरवा, पण पहाटे निघा, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी परत फिरता येईल आणि वाराही दुपारपेक्षा कमी असेल. दीपगृहाच्या खडकापासून किमान दीडशे-दोनशे मीटर अंतर ठेवून, यंत्र मंद करून, ओळीच्या कडेने एक फेरी घ्या. गुहेच्या तोंडाशी होडी नेऊ नका. पाकोळ्यांचे येणे-जाणे बाहेरूनच उत्तम दिसते. छायाचित्रासाठी चारशे मिलिमीटरची लेन्स पुरते, आणि हलत्या होडीवर तिपाई निरुपयोगी असल्यामुळे ती घरीच ठेवा. ड्रोन उडवू नका, वरून येणारी प्रत्येक वस्तू सुरयांना गरुडच वाटते. पक्षी एकदम उठून गोंगाट करू लागले तर आपण अधिक जवळ आलो आहोत असे समजून होडीवाल्याला मागे घ्यायला सांगा. आपल्यासोबत मुले आहेत, म्हणून दोन दुर्बिणी घ्या. एका दुर्बिणीवर नेहमी भांडण होते. आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी निवतीच्या किनाऱ्यावर जाऊन होडीवाल्यालाच समुद्राचा अंदाज विचारा. मे महिन्याच्या त्या दिवसांत पाणी एका रात्रीत बदलते, आणि तो ‘उद्या नको’ म्हणाला तर पैशांचा आग्रह न धरता थांबावे.